नाव उएसुगी, रक्त कुणाचेही

जपानी वळणाच्या काल्पनिक राज्यात सरदार-सामुराई होऊन खेळायच्या रोलप्लेइंग गेमना आता चार दशकांहून जास्त इतिहास आहे. १९७९ साली अमेरिकेत ‘बुशिदो’ निघाला. १९८५ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पोटात ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ आले आणि त्याबरोबर पात्राच्या अब्रूलाही अंक मिळाले. ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ १९९५ साली पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झाला, १९९७ साली त्याचा रोलप्लेइंग अवतार आला आणि त्यातल्या रोकुगान या साम्राज्याने अशा खेळांचा साचाच ठरवून टाकला. रोकुगानमध्ये सात मोठी कुळे आहेत. खेकडा कुळातले रांगडे, सरहद्दीच्या भिंतीवर पहारा देणारे. करकोचा कुळातले दरबारी रीतीचे, देखणे. विंचू कुळातले कारस्थानी. सिंह कुळातले लढवय्ये. खेळाडूने आधी कूळ निवडायचे, मग त्यातले घराणे, आणि घराणे ठरले की एखाद्या गुणात एक अंक जादा मिळतो, कुणाला ताकदीत तर कुणाला चलाखीत. खेळापुरती ही सोय उत्तमच आहे. पाचजण टेबलाभोवती बसले की कोण कसा वागणार याचा अंदाज पहिल्या दहा मिनिटांत येतो. पण त्या जादा अंकामागे एक गृहीतक आहे. घराणे म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे स्वभाव. जपानच्या खऱ्या सरदार घराण्यांकडे पाहिले तर हे गृहीतक जवळजवळ उलटे करावे लागते. तिथे घराणे म्हणजे एक नाव, त्या नावाला जोडलेला हुद्दा आणि त्या हुद्द्याचे उत्पन्न. ही जागा रिकामी पडू न देणे हा सगळ्यांचा मुख्य उद्योग होता, आणि ती भरण्याच्या अनेक मार्गांपैकी रक्त हा फक्त एक.

त्यासाठी एकच घराणे धरून शेवटपर्यंत चालत गेलेले बरे. उएसुगी हे नाव खेळांच्या आणि चित्रपटांच्या शौकिनांना ओळखीचे आहे, केन्शिन या सोळाव्या शतकातल्या सेनानीमुळे. पण हे घराणे मुळात लढवय्यांचे नव्हतेच. क्योतोच्या दरबारातल्या फुजिवारा वंशाची ती एक लहानशी फांदी. १२५२ साली राजपुत्र मुनेताका शोगुन म्हणून कामाकुराला निघाला, तेव्हा त्याच्या लवाजम्यातल्या शिगेफुसा या दरबाऱ्याला ताम्बा प्रांतातली उएसुगी ही जागा मिळाली आणि गावाचे नाव घराण्याला चिकटले. पुढे याच घरातली कियोको आशिकागा घराण्यात दिली. तिचा मुलगा ताकाउजी पहिला आशिकागा शोगुन झाला आणि मामेघराणे म्हणून उएसुगींचे भाग्य उजळले. पूर्वेकडच्या कान्तो प्रदेशाच्या कारभाऱ्याचे पद, कान्तो कानरेइ, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. म्हणजे खेळात ‘दरबारी’ आणि ‘योद्धे’ असे जे दोन वेगळे रकाने असतात, त्यांच्यामधली भिंत या घराण्याने सुरुवातीलाच ओलांडली होती.

सोळाव्या शतकाच्या मध्याला उएसुगी नोरिमासाला ओदावाराच्या होजोंनी कान्तोतून हुसकून लावले. गंमत अशी की हे होजो तरी कुठले? कामाकुराच्या जुन्या सत्ताधारी होजोंशी त्यांचे काहीच नाते नव्हते. त्यांचे मूळ आडनाव इसे. दुसऱ्या पिढीतल्या उजित्सुनाने कान्तोवर हक्क सांगायला सोयीचे म्हणून ते वजनदार नाव उचलले. त्यांच्याकडून हरलेला नोरिमासा पळून एचिगो प्रांतात गेला आणि तिथल्या नागाओ कागेतोरा या सरदाराच्या आश्रयाला राहिला. नागाओ हे खरे तर उएसुगींचे चाकर घराणे. १५६१ साली कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवळात याच कागेतोराने उएसुगी हे नाव आणि कान्तो कानरेइ हे पद दोन्ही एकदम घेतले. धन्याने आपले घराणे चाकराच्या हवाली केले, कारण ते चालवायची ऐपत आता चाकराकडेच होती. हाच पुढचा उएसुगी केन्शिन. त्याने लग्न केले नाही. १५७८ साली तो गेला तेव्हा मागे वारशावर हक्क सांगणारे दोन दत्तक मुलगे होते. एक बहिणीचा मुलगा कागेकात्सु आणि दुसरा कागेतोरा, ज्याला केन्शिनने स्वतःचे जुने नाव दिले होते आणि जो चक्क शत्रूच्या, होजोंच्या घरचा मुलगा होता. दोघांत युद्ध पेटले. १५७९ साली म्हातारा नोरिमासा कागेतोराच्या लहान मुलाला घेऊन तडजोडीच्या बोलणीसाठी निघाला, तेव्हा कागेकात्सुच्या माणसांनी दोघांनाही वाटेतच मारले. जन्माने उएसुगी असलेला जुना घरधनी असा उएसुगी नावाच्याच सैन्याकडून मारला गेला, आणि घराणे मात्र व्यवस्थित पुढे चालले.

यावर कुणी म्हणेल, तो काळच धामधुमीचा. तलवारीच्या जोरावर कुणी काहीही नाव लावत असेल, त्यावरून नियम कसा काढायचा? पण तलवारीचा जोर पुरत असता तर नावासाठी एवढी खटपट कुणी केली नसती. या काळातला सर्वांत मजेदार माणूस योद्धा नाही, दरबारी आहे. त्याचे नाव कोनोए साकिहिसा. राजप्रतिनिधी होण्याचा अधिकार फुजिवारांच्या ज्या पाच घराण्यांपुरता होता, त्यांतल्या एकाचा हा प्रमुख. केन्शिन कान्तोत उतरला तेव्हा साकिहिसा स्वतः त्याच्या पाठीशी तिकडे गेला होता. काही वर्षांनी मिकावा प्रांतातल्या मात्सुदाइरा घरातल्या तरुण सरदाराला तोकुगावा हे नाव आणि दरबारी पद हवे झाले. त्याच्या वंशाला असे पद दिल्याचा पूर्वदाखला सापडेना, तेव्हा एका जुन्या दप्तरातून सोयीची वंशनोंद शोधून काढण्यात आली आणि साकिहिसाने ते प्रकरण दरबारात पुढे नेले. हा तरुण म्हणजे इएयासु. त्या कागदाप्रमाणे तो फुजिवारा ठरला. पुढे शोगुन व्हायचे होते तेव्हा तोच माणूस शोगुनपदाला साजेशा मिनामोतो वंशाचा झाला. १५८५ साली शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या हिदेयोशीला राजप्रतिनिधीचे पद हवे होते. साकिहिसाने त्याला मुलगा मानून घेतले. बाप मुलापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठा होता, पण कागदोपत्री हिदेयोशी आता फुजिवारा. पुढच्याच वर्षी दरबाराकडून तोयोतोमी हे अगदी कोरे नाव मिळवून त्याने स्वतःचा वंशच सुरू केला. जपान जिंकलेल्या माणसालाही कागद लागत होता आणि कागद देणारे लोक क्योतोत बसलेले होते, हे एकदा ध्यानात घेतले की खेळांतला दरबार नुसता टोमण्यांचा आणि चहापानाचा अड्डा राहत नाही.

शांतता आल्यावर तरी घराणी रक्ताशी घट्ट झाली असतील, असे वाटणे साहजिक आहे. झाले उलटेच. १६०३ साली तोकुगावा शोगुन झाले आणि अडीचशेच्या वर सरदारांची उत्पन्ने तांदळात मोजून नोंदली गेली. मापाचे नाव कोकु, सुमारे १८० लिटर, म्हणजे ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. जहागीर आता वारसाच्या नोंदीवर टिकायची. वारस नाही, तर घराणे खालसा आणि हजारो चाकर रस्त्यावर. मरणाच्या दारात घाईने घेतलेला दत्तक सुरुवातीला अमान्य होता. त्यामुळे धनी नसलेल्या सामुराईंची, रोनिनांची, संख्या इतकी वाढली की १६५१ साली त्यांच्यातल्या काहींनी शोगुनच्या राजधानीत, एदोत, बंडाचा कट रचला. तो उघडकीला आल्यावर सरकारने त्याच वर्षी नियम सैल केला आणि पन्नाशीच्या आतल्या सरदाराला मरतानाही दत्तक घेण्याची मुभा दिली. खेळांतला रोनिन हा बहुधा स्वतःच्या तत्त्वासाठी घर सोडलेला एकांडा शिलेदार असतो. प्रत्यक्षात रोनिन मोठ्या प्रमाणावर तयार केले ते वारसाहक्काच्या नियमांनी आणि खालसा धोरणाने.

उएसुगींवर ही पाळी १६६४ साली आली. तोकुगावांना सत्ता मिळवून देणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर त्यांचे उत्पन्न १२ लाख कोकुंवरून ३ लाखांवर आणून त्यांना योनेझावाला बसवले होते. तिथला तरुण सरदार त्सुनाकात्सु अचानक वारला. मूल नाही, दत्तकाची नोंदही नाही. नियमाप्रमाणे घराणे संपायला हवे होते. त्याचा सासरा होशिना मासायुकी सरकारात वजनदार. तो स्वतःही जन्माने दुसऱ्या शोगुनचा मुलगा आणि दत्तकाने होशिना. त्याने मध्यस्थी केली आणि त्सुनाकात्सुच्या बहिणीचे तान्हे मूल उएसुगींचे धनी म्हणून मान्य झाले. किंमत होती अर्धी जहागीर: ३ लाखांचे दीड लाख कोकु. चाकरांची संख्या मात्र त्या मानाने घटवली नाही आणि योनेझावाचे दारिद्र्य तिथून पक्के झाले. या बाळाचा जन्मदाता बाप होता किरा योशिनाका, शोगुनच्या पदरी दरबारी विधींचा जाणकार. किरांचा वंश आशिकागांपर्यंत पोचणारा, उत्पन्न मात्र अवघे ४,२०० कोकु. पुढे किरांना स्वतःला वारस उरला नाही, तेव्हा उएसुगी झालेल्या या मुलाचाच एक मुलगा, म्हणजे सख्खा नातू, त्यांनी परत दत्तक घेतला.

आता एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे. भाचा, नातू, बहिणीचे मूल. हे सगळे रक्ताचेच तर आहेत! दत्तक हा नुसता कायद्याचा सोपस्कार असेल. ते अंशतः खरे आहे आणि शक्यतो नात्यातलाच मुलगा शोधत, यात शंका नाही. पण कोणत्या नात्यातला? चीन आणि कोरियातल्या कुलीनांत दत्तक बापाच्या वंशातलाच हवा, परक्या आडनावाचा चालत नसे. जपानात मुलीचा नवरा घरजावई करून त्यालाच मुलगा आणि वारस करणे ही सर्रास रीत होती. चिनी शास्त्रे वाचलेल्या जपानी पंडितांपैकी काहींनी यावर कडक टीका केली, पण सरदारांनी ती मनावर घेतली नाही. तळाच्या थरात तर नात्याचा आडपडदाही गळून पडला होता. शोगुनच्या लहान चाकरांच्या जागा दत्तकाच्या नावाखाली सरळ विकल्या जात. १८६८ साली एदोचा किल्ला रक्तपाताविना नव्या सरकारच्या हाती देण्याची बोलणी करणारा कात्सु काइश्यू घ्या. त्याचा पणजोबा एचिगोकडून एदोत आलेला एक आंधळा सावकार होता. पैसे साठवून त्याने मुलासाठी सामुराईची जागा विकत घेतली. काइश्यूचा बाप कोकिची हा लहानपणी कात्सु घराण्यात दत्तक गेला, चौदाव्या वर्षी घरातून पळून भीक मागत इसेपर्यंत गेला आणि जन्मभर सरकारी नेमणूक न मिळताच राहिला. १८४३ साली त्याने लिहिलेली आत्मकथा उपलब्ध आहे. भांडणे, उसनवारी, जुन्या तलवारींची दलाली असा सगळा मामला आहे त्यात. कूळ निवडल्यावर त्याला कोणत्या गुणात जादा अंक द्यायचा, हे ठरवताना खेळवणाऱ्याची पंचाईत होईल.

मग रक्त, अब्रू आणि कुळाचा स्वभाव हे चित्र आले कुठून? पाश्चात्त्यांनी आपल्या कल्पना जपानवर लादल्या, असे म्हणायची आज फॅशन आहे. ते फार सोपे उत्तर झाले. हे चित्र सामुराईंनीच काढले, आणि ते अशा काळात की लढायला काही उरले नव्हते. १६४१ ते १६४३ या काळात शोगुनने सगळ्या घराण्यांकडून वंशावळी मागवल्या; बऱ्याच घराण्यांचे मूळ मिनामोतोंपाशी जाऊन थांबले यात नवल नाही, कारण शोगुन स्वतः त्याच वंशाचा म्हणवत होता. १६३५ पासून सरदारांना आलटून पालटून एदोत राहणे सक्तीचे झाले आणि भाले, छत्र्या, पेटारे यांच्या मिरवणुका रस्त्यांवरचा नेहमीचा तमाशा बनल्या. त्या ओळखता याव्यात म्हणून एदोचे प्रकाशक ‘बुकान’ नावाच्या छापील पुस्तिका विकत. त्यांत दर घराण्याचे बोधचिन्ह, उत्पन्न, धनी आणि वारसाचे नाव, एदोतल्या वाड्याचा पत्ता, प्रमुख चाकर आणि भाल्याच्या टोपणाचा आकार इतके सगळे असे. दुकानदार, गावाकडचे पाहुणे, नुसते हौशी, सगळे त्या घेत. रोकुगानच्या पुस्तकातले कुळाचे पान आणि बुकानचे पान शेजारी ठेवले तर जात एकच दिसते. सामुराईने कसे मरावे हे सांगणारे ‘हागाकुरे’ हे पुस्तक १७१६ च्या सुमारास पुरे झाले. ते सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो सागाच्या नाबेशिमांकडे कारकुनी आणि पुस्तकांची कामे करत असे. लढाई त्याने पाहिली नव्हती. धन्यामागे आत्महत्या करायची त्याची इच्छा होती, पण त्याच्याच धन्याने आणि मग १६६३ साली शोगुनने त्या प्रथेवर बंदी घातलेली. १९०० साली ‘बुशिदो’ हे पुस्तक लिहिणारे नितोबे इनाझो मोरिओकाच्या सामुराई घरातले खरे, पण क्वेकर ख्रिस्ती, अमेरिकेत बसून इंग्रजीत लिहिणारे. बारा वर्षांनी जपानी भाषेचे अभ्यासक चेंबरलेन यांनी हा सगळा धर्मच नवा बनवलेला आहे, असे म्हटले. आणि १९८३ साली ‘नोबुनागाची महत्त्वाकांक्षा’ हा संगणकावरचा खेळ काढून ऐतिहासिक सरदारांना अंकांत मोजायला लावणारी कोएइ ही कंपनी जपानचीच.

गेम करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एकेका कुळाला एकेक कसब देण्याची त्यांची कल्पना निराधार नाही; फक्त ती योद्ध्यांच्या घरी नेऊन बसवली आहे. क्योतोच्या दरबारी घराण्यांत असे वाटप खरोखर होते. रेइझेइंकडे कविता, आसुकाइंकडे पायाने चेंडू उडवायचा केमारी हा खेळ, त्सुचिमिकादोंकडे ज्योतिष, यामाशिनांकडे दरबारी पोशाख. पण यातही स्वभावापेक्षा मक्तेदारी जास्त. त्या त्या विद्येची परवानगीपत्रे देण्याचा हक्क घराण्याकडे असे आणि दरबाऱ्यांची उत्पन्ने तुटपुंजी असताना हाच त्यांचा मोठा आधार होता. केमारी शिकणाऱ्या कुणालाही विशिष्ट रंगाची वस्त्रे घालायची तर आसुकाइंचा दाखला हवा. रेइझेइ घराणे आजही क्योतोत आहे आणि शेकडो वर्षे बंद कोठारात जपलेल्या त्यांच्या हस्तलिखितांवर अभ्यासक काम करत आहेत. असे एखादे घराणे खेळात आणायचे तर जादा अंक कवितेला देण्यापेक्षा दाखला नाकारण्याच्या अधिकाराला द्यावा.

निष्ठेचेही तसेच. खेळांत ती धन्याच्या व्यक्तीशी असते. योनेझावात १७६७ साली हारुनोरी गादीवर आला, तोही दत्तकच. दक्षिणेकडच्या आकिझुकी या लहान घराण्यातला मुलगा, उएसुगींशी नाते फक्त आईच्या बाजूने. त्याची काटकसर जुन्या मानकऱ्यांना रुचली नाही. १७७३ साली सात ज्येष्ठ चाकरांनी मिळून त्याच्यापुढे तक्रारींचा पाढा वाचला आणि त्याला अडवून धरले. त्याने दोघांना सेप्पुकूची, म्हणजे पोट चिरून मरण्याची, शिक्षा दिली आणि बाकीच्यांना घरी बसवले. पण ते सातजण स्वतःला बंडखोर समजत नव्हते. बेजबाबदार धन्याला चाकरांनी कोंडून ठेवावे आणि दुसरा बसवावा, ही रीत कित्येक जहागिरींत चालत आलेली होती. घराणे टिकावे म्हणून घरधनी बदलणे यालाच ते निष्ठा म्हणत. हारुनोरीचे मतही यापासून फार दूर नव्हते. १७८५ साली निवृत्त होताना वारसाला दिलेल्या तीन कलमांत त्याने बजावले की जहागीर ही पूर्वजांकडून पुढच्या पिढीकडे जाणारी ठेव आहे, धन्याची खासगी मालमत्ता नाही. आणि गादी दिली ती स्वतःच्या मुलाला नव्हे, आधीच्या धन्याच्या मुलाला.

शेवटचा आक्षेप खेळणाऱ्यांचा. हे काल्पनिक राज्य आहे, इतिहासाचा तास नाही. नावे बदलली, ड्रॅगन आणले, आता हिशेब कसला मागता? नावे बदलण्याची ही युक्ती तर जपानी रंगभूमीचीच आहे. १७४८ साली ओसाकात बाहुल्यांच्या नाटकात ‘कानादेहोन च्यूशिंगुरा’ आले. ४७ रोनिनांची ही खरी हकीकत. सरदारांच्या चालू भानगडी रंगमंचावर आणायला मनाई, म्हणून सगळा मामला चौदाव्या शतकात ढकलला आणि पात्रांना जुनी नावे दिली. प्रेक्षकांना कोण कोण आहे ते पुरते ठाऊक होते. तेव्हा काल्पनिकतेला हरकत नाही, हरकत आहे ती कथानक हलके होण्याला. या ४७ रोनिनांनी १७०२ सालच्या बाराव्या चांद्रमासात ज्याच्या वाड्यावर रात्री हल्ला करून ज्याला मारले, तो म्हणजे तोच किरा योशिनाका. नाटकात तो खलनायक. आको जहागिरीच्या रोनिनांनी आपल्या मेलेल्या धन्यासाठी घेतलेला सूड एवढीच गोष्ट उरते. त्यांच्या पुढाऱ्याने, ओइशीने, आधी दीड वर्षाच्या आसपास खटपट केली ती मेलेल्या धन्याच्या भावाला, जो त्याचा दत्तक वारसही होता, घराणे परत मिळावे म्हणून. ती फसल्यावर हल्ला ठरला, हे नाटकाच्या झगमगाटात मागे पडते. आणि एदोतच उएसुगींच्या वाड्यात त्या वेळी योनेझावाचा धनी त्सुनानोरी होता, म्हणजे १६६४ साली दत्तक दिलेले ते किरांचे बाळ. मारला गेला तो त्याचा जन्मदाता बाप. जखमी झालेला किरांचा तरुण वारस हा त्याचाच मुलगा. उएसुगींचे सैन्य बाहेर पडले नाही. पडले असते तर राजधानीत लढाई केल्याबद्दल दीड लाख कोकु आणि हजारो चाकरांची घरे एका रात्रीत गेली असती, आणि रक्तापोटी घराणे बुडवणारा दत्तक असे त्याचे नाव झाले असते. काही आठवड्यांनी सरकारने किरांचे घराणे खालसा केले आणि त्सुनानोरीच्या मुलाला दूर सुवा घराण्याच्या कैदेत पाठवले. त्सुनानोरीची भूमिका घेणाऱ्या खेळाडूच्या कागदावर अब्रूचा रकाना एकच असतो. त्याला निदान दोन लागतील, एक किरांचा आणि एक उएसुगींचा, आणि त्या रात्री एकातले अंक वाढवायचे तर दुसऱ्यातले खोडावे लागतील.